वारसा मिठागराचा

न्हावा शेवाच्या मिठागरांत राबणाऱ्या आगऱ्यांचे तळपाय मिठाने फुटत, राठ होत. त्यांची मुले मात्र मऊ पावलांनीच जन्मत. कमावलेले गुण संततीत उतरतात, असे लामार्कने १८०९ साली मांडले. पुढे वाइसमानने उंदरांच्या पिढ्यांमागून पिढ्यांच्या शेपट्या छाटल्या. एकही पिलू बिनशेपटीचे निपजले नाही. म्हणजे पाय नव्हे, मिठागर वारशाने येत होते. जात ही केवळ श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगितले. १९८९ मध्ये येथे बंदर सुरू झाले. बरीच मिठागरे गेली. जिथे मिठागर संपले, तिथे राठ पायही संपले. रक्त बदलावे लागले नाही. माझा बाप निरक्षर होता. माझी पदवीही मुलीच्या रक्तात उतरणार नाही. तिलाही शाळाच लागेल.