मालक देशी की विदेशी? आपला प्रश्न वेगळा आहे

२००८ साली नवी मुंबईत, कोपरखैरणेच्या धीरूभाई अंबानी नॉलेज सिटीतून चालणारी रिलायन्स कम्युनिकेशन्स दक्षिण आफ्रिकेच्या एमटीएनची उपकंपनी होणार, अशी बोलणी मे ते जुलै चालली. सौदा मोडला, पण देशप्रेमामुळे नव्हे! थोरल्या भावाच्या रिलायन्स इंडस्ट्रीजने 'समभाग विकायचे तर आधी आम्हाला विचारा' असा हक्क सांगितला, आणि गाडी अडली. २०१० मध्ये २६ टक्के हिस्सा विकण्याचे ठरले, अबुधाबीच्या एतिसलातचे नाव घेतले गेले; तेही फिसकटले. त्याआधी २००७ मध्ये मुंबईच्या हचची मालकी मात्र ब्रिटनच्या व्होडाफोनकडे गेलीच, तीही केमन बेटांवरच्या एका कंपनीमार्फत.

या देवघेवीत आपण कुठे होतो? एमटीएनएल, बीएसएनएलमध्ये अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा आहेत. खासगी कंपनीवर ते बंधनच नाही, मग मालक अंबानी असो वा व्होडाफोन. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मूलभूत उद्योग सरकारी मालकीचे हवेत असे मांडले. 'स्वदेशी' म्हणून गळा काढणाऱ्यांना हे कधी आठवते का?

२०१७ च्या अखेरीस रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाइल कॉल सेवा बंद पडली, नोकऱ्या गेल्या. तेव्हा प्रवर्तक देशीच होते.