निसर्गस्थळी व्यक्तिछायाचित्रण (मावळ-लोणावळा)

नैसर्गिक भूदृश्याच्या पार्श्वभूमीवर, मुख्यतः उपलब्ध उजेडात, व्यक्तीचे छायाचित्र घेण्याची पद्धती (पहा : छायाचित्रण).

बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. तिच्याशी संबंधित विल्यम जॉन्सन याने मुंबईतील विविध समाजांविषयीच्या ग्रंथात (दोन खंड, १८६३ व १८६६) निराळ्या ठिकाणी घेतलेली माणसांची चित्रे बाह्य दृश्यांवर जुळवली होती. त्या काळी छायाचित्रणाच्या रसायन लावलेल्या ओल्या काचा जागीच धुवाव्या लागत, त्यामुळे बाहेरचे चित्रण कष्टाचे होते. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली (पहा : बोरघाट) आणि खंडाळा-लोणावळा मुंबईकरांच्या आवाक्यात आले.

येथील कडे कोकणाकडे, म्हणजे पश्चिमेला उघडतात. टायगर पॉइंटच्या कड्याकडे पाठ करून उभ्या व्यक्तीच्या चेहऱ्यावर सकाळचे ऊन समोरून पडते. दुपारनंतर ऊन पाठीमागून येते व चेहरा काळवंडतो, तेव्हा परावर्तक किंवा फ्लॅश लागतो. पावसाळ्यातील धुके उजेड मऊ करते, मात्र पांढऱ्या पसाऱ्यामुळे कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो. म्हणून उद्भासन (एक्स्पोजर) सुमारे एक स्टॉप वाढवतात. पवना जलाशयाचा काठ, लोहगड व राजमाची ही नेहमीची स्थळे. विवाहपूर्व चित्रणामुळे या पद्धतीला व्यवसायाचे रूप आले आहे.

कार्ले व भाजे लेणी केंद्र संरक्षित असल्याने तेथे कॅमेऱ्याच्या तिपाईसाठी परवानगी लागते. भुशी धरणालगतच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने धोकादायक स्थळी सेल्फी व रील काढण्यावर तात्पुरते निर्बंध घातले (पहा : भुशी धरण).