ऑपरेशनपूर्वीचे रिकामे पोट : एका नियमाचा इतिहास

भूल देऊन शस्त्रक्रिया करायची असेल तर रुग्णाचे पोट रिकामे असावे लागते. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातल्या सरकारी दवाखान्यांत आणि खासगी नर्सिंग होममध्ये हा नियम आज सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यामागचे कारण दीडशे वर्षांत फारसे बदललेले नाही. किती तास उपाशी राहायचे, याचे उत्तर मात्र अनेकदा बदलले.

भुलीचा शोध लागण्यापूर्वी रीत बरीचशी उलटी होती. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माआधी रुग्णाला जेवू घालावे आणि मद्य पिणाऱ्याला मद्य पाजावे, असे सांगितले आहे. अन्नाने रुग्णाला मूर्च्छा येऊ नये आणि मद्याने वेदना बोथट व्हाव्यात, हा त्यामागचा हेतू. मात्र मूढगर्भ, उदर, मूळव्याध, मुतखडा, भगंदर आणि मुखरोग यांवरील शस्त्रकर्म न जेवलेल्या रुग्णावर करावे, असा अपवादही त्याच ग्रंथात आहे. रुग्ण शुद्धीवर असताना त्याचा खोकला आणि ठसका शाबूत असे, त्यामुळे उलटी झाली तरी ती सहसा फुप्फुसात शिरत नसे.

16 ऑक्टोबर 1846 रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे विल्यम मॉर्टन याने ईथरच्या भुलीचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले. पाचच महिन्यांनी, 22 मार्च 1847 रोजी, कोलकात्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात ईथर वापरले गेले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या जेम्स सिम्पसनने क्लोरोफॉर्म पुढे आणले. 28 जानेवारी 1848 रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही 15 वर्षांची मुलगी पायाच्या नखाच्या किरकोळ शस्त्रक्रियेत क्लोरोफॉर्मखाली दगावली. शुद्धीवर आणण्यासाठी तिच्या तोंडात घातलेल्या पाण्याने आणि ब्रँडीने तिचा श्वास गुदमरला, असे सिम्पसनचे मत होते. इतरांनी हृदय बंद पडल्याचे कारण दिले. हा वाद मिटला नाही, पण बेशुद्ध माणसाच्या घशात काही गेले तर काय होऊ शकते, हा प्रश्न तेव्हापासून वैद्यकात चर्चेला आला.

क्लोरोफॉर्म देण्याची उत्तम वेळ सकाळच्या न्याहारीपूर्वीची, असे जॉन स्नो याने 1858 च्या आपल्या ग्रंथात नोंदवले. भरल्या पोटी भूल दिली की उलटी होते, हा त्याचा अनुभव होता. जोसेफ लिस्टरने 1883 मध्ये अधिक बारकाईचा सल्ला दिला : पोटात घन अन्न नसावे, पण दोन तास आधी कपभर चहा किंवा मांसाचा पातळ रस द्यायला हरकत नाही. घन अन्न आणि पेय यांना वेगळे नियम लावणारा हा विचार पुढे अर्धशतकाहून अधिक काळ अनेक ठिकाणी पाळला गेला.

त्याला कलाटणी मिळाली 1946 मध्ये. न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी 1932 ते 1945 या काळातील 44,016 बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या. भुलीखाली पोटातले द्रव्य फुप्फुसात गेल्याच्या 66 घटना त्यांना आढळल्या. घन अन्न अडकून दोन स्त्रिया गुदमरून मरण पावल्या होत्या. सशांवर प्रयोग करून मेंडेलसन यांनी दाखवले, की अन्नाचा कण नसला तरी जठरातले आम्ल एकटेच फुप्फुसाला भाजून काढते. त्यानंतर घन आणि द्रव हा भेद मागे पडला आणि ‘मध्यरात्रीनंतर तोंडाने काहीही नाही’ हा सरसकट नियम जगभर रूढ झाला.

याच वर्षांत उल्हासनगर आकार घेत होते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित राहू लागले, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. शहराचे कॅम्प नंबर एक ते पाच हे भाग छावणीचीच आठवण आहेत. भूलशास्त्रही भारतात याच सुमारास स्वतंत्र शाखा म्हणून उभे राहत होते. भूलतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना 1947 मध्ये स्थापन झाली. पुढच्या दशकांत उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरची वस्ती वाढत गेली, तसा येथे शस्त्रक्रियेच्या सोयींचा विस्तार झाला. मध्यरात्रीचा नियम तोपर्यंत पाठ्यपुस्तकांत स्थिरावला होता.

हा नियम टिकण्यामागे वैद्यकाइतकीच सोय होती. शस्त्रक्रियांच्या यादीतला क्रम ऐनवेळी बदलतो. पहिला रुग्ण रद्द झाला की दुसऱ्याला आधी आत घेता येते, पण त्यासाठी सगळेच उपाशी हवेत. वॉर्डात सर्वांना एकच सूचना देणे परिचारिकांनाही सोपे जाते. त्याचा भार मात्र यादीत शेवटी असणाऱ्या रुग्णावर पडतो : दुपारी दोनला ज्याची पाळी, तो चौदा तास पाण्यावाचून राहतो.

भुलीत नेमके काय होते, हे आता नीट माहीत आहे. अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावरचा स्नायू सैल पडतो आणि पोटातले द्रव्य उलटीशिवायही नुसते वर वाहून येऊ शकते. त्याच वेळी गिळणे, ठसका आणि खोकला या संरक्षक प्रतिक्रिया बंद झालेल्या असतात, त्यामुळे ते श्वासनलिकेत उतरते. घन तुकडे नळी अडवतात, आम्ल फुप्फुसाचा दाह करते. कमरेतून दिलेल्या भुलीत रुग्ण जागा असतो, तरीही त्याला उपाशी ठेवतात, कारण ती अपुरी पडली तर पूर्ण भूल देण्याची वेळ येते. ही दुर्घटना विरळ आहे. अमेरिकेत 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन लाखांवर भुलींच्या अभ्यासात तिचे प्रमाण 3,216 मध्ये एक होते, तातडीच्या शस्त्रक्रियांत मात्र 895 मध्ये एक.

उपाशी राहण्याचे तास पुन्हा मोजायला 1980 च्या दशकात सुरुवात झाली. कॅनडातील रॉजर माल्टबी यांनी 1986 मध्ये काही रुग्णांना शस्त्रक्रियेच्या सुमारे अडीच तास आधी 150 मिलिलिटर पाणी दिले. त्यांच्या जठरात पूर्ण उपाशी राहिलेल्यांपेक्षा जास्त द्रव्य आढळले नाही. पाणी जठरातून लवकर पुढे सरकते. घन अन्नाला आधी दळले जावे लागते आणि तेलकट अन्न सर्वांत जास्त रेंगाळते. अमेरिकन भूलतज्ज्ञ संघटनेने 1999 मध्ये त्यानुसार तास ठरवले : नितळ पेय दोन, आईचे दूध चार, हलका आहार किंवा वरचे दूध सहा, तळलेले वा मांसाहारी जेवण आठ तास किंवा अधिक. भारतीय संघटनेने 2020 मध्ये स्वतःची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि त्यांतही निरोगी रुग्णाला दोन तास आधीपर्यंत नितळ पेय चालते. फार वेळ तहानलेले राहिल्याने रक्तदाब घसरतो, लहान मुलांची साखर कमी होते, हेही आता विचारात घेतले जाते.

या तीन शहरांच्या खाण्यापिण्याला हे तास लावले, तर गोंधळ कुठे होतो ते दिसते. साखरेचे पाणी किंवा बिनदुधाचा कोरा चहा नितळ पेयांत मोडतो, दुधाचा चहा मोडत नाही. त्याची गणना दुधाबरोबर सहा तासांत होते. कॅम्पातली दाल-पकवानची न्याहारी आणि स्टेशनबाहेरचा वडापाव हे तळलेले असल्यामुळे आठ तासांच्या गटात येतात. एकादशी-चतुर्थीच्या उपासाला साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे आणि दूध चालते, भुलीच्या दृष्टीने मात्र ते भरलेले पोटच असते.

काही रुग्णांत तासांचा हिशेब लागू पडत नाही. प्रसूतिवेदना, मोठी दुखापत, तीव्र वेदना, अफूजन्य वेदनाशामके, दीर्घकाळचा मधुमेह आणि वजन कमी करण्याची नवी इंजेक्शने यांमुळे जठर संथ होते. रेल्वे अपघातातल्या जखमीने किंवा सिझेरियनसाठी आलेल्या बाईने कधी खाल्ले हे विचारले जाते, तरी तिचे किंवा त्याचे पोट भरलेले आहे असेच धरून चालतात. ब्रायन सेलिक यांनी 1961 मध्ये गळ्यातील कड्यासारख्या कूर्चेवर दाब देऊन अन्ननलिका मिटवण्याची युक्ती सांगितली. तिच्या जोडीला झटपट भूल देऊन श्वासनलिकेत फुग्याची नळी बसवणे ही पद्धत आली. तातडीच्या रुग्णाला उपासाची वाट न पाहता भूल देता येते, ती यामुळेच. ठरवून होणाऱ्या शस्त्रक्रियेत शेवटचे खाणे आणि पिणे किती वाजता झाले, हे भूलतज्ज्ञाला खरे सांगणे आवश्यक असते, आणि नियमित औषधे घोटभर पाण्याबरोबर घ्यायची की नाही, तेही तेच ठरवतात.