कानोसा आणि जाब

सामान्य मनुष्याचें राजकीय मत इतिहासाच्या दप्तरांत क्वचितच सांपडतें. राजे, कारभारी, सेनापति यांचीं पत्रें उरतात. पण १८९७ सालीं मसुऱ्यासारख्या गांवीं देवळाच्या सभामंडपांत बसलेल्या मंडळींस सरकारविषयीं काय वाटत होतें, तें त्यांपैकीं कोणी लिहून ठेवण्याचें कारणच नव्हतें. जें थोडेंबहुत लिहिलेलें आढळतें, तें बहुधा ज्यांना तें मत नकोसें होतें त्यांच्याच हातचें असतें. इतिहास शिकविण्यांत आमचीं बरींच वर्षें गेलीं, पण या गोष्टीचें नवल अद्याप ओसरलें नाहीं. लोकमताचा वृत्तांत आपल्यापर्यंत पोंचविला तो पुष्कळ अंशीं लोकांवर पाळत ठेवणाऱ्यांनीं.

मसुरें हें मालवण तालुक्यांतील गड नदीच्या खाडीकांठचें गांव. भराडीदेवीच्या जत्रेमुळें जी आंगणेवाडी आज सर्वतोमुखीं झाली आहे, ती याच गांवाची एक वाडी. गांवाच्या माथ्यावर भरतगड, आणि खाडीच्या पलीकडे भगवंतगड. पहिला वाडीकर सावंतांचा, दुसरा बावडेकर पंत अमात्यांचा. म्हणजे दोन सत्ता मधोमध पाणी ठेवून एकमेकींकडे टक लावून बसल्या होत्या. १८१८ सालीं इंग्रज आले आणि गडांवरचा पहारा संपला. पण पहारा म्हणून जी वस्तु असते ती कांहीं नाहींशी झाली नाहीं. गडावरचा शिपाई खाडींतून वर येणारें तारूं पाहत असे. नवें सरकार आपली रयत काय वाचते, काय लिहिते आणि कोणास लिहिते, हें पाहूं लागलें.

याच मुलखांतील पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं ‘दर्पण’ काढलें, तेव्हां देशी पत्राची भीति वाटावी असें सरकारास कांहीं दिसत नव्हतें. १८५७ नंतर वारें फिरलें. १८६७ च्या कायद्यानें प्रत्येक छापखान्याची नोंद करणें आणि छापलेल्या पुस्तकाच्या प्रती सरकारांत देणें आवश्यक झालें. त्याच दशकांत देशी पत्रांतील मजकुराचें इंग्रजी सार काढून तें अधिकाऱ्यांस गुप्तपणें पुरविण्याची व्यवस्था सुरू झाली. १८७० सालीं दंडसंहितेंत राजद्रोहाचें १२४-अ हें कलम आलें, आणि १४ मार्च १८७८ रोजीं लॉर्ड लिटन यांचा देशी पत्रांचा कायदा एकाच बैठकींत मंजूर झाला. इंग्रजी पत्रांस तो लागू नव्हता. म्हणजे तेंच वाक्य इंग्रजींत निर्दोष आणि मराठींत सदोष ठरूं शकत होतें! लॉर्ड रिपन यांच्या कारकीर्दींत १८८२ सालीं तो कायदा रद्द झाला. गुप्त सार मात्र चालूच राहिलें.

ज्या पत्रांचा अंक आज शोधूनही हातीं लागत नाहीं, त्यांचा मजकूर पुष्कळदां या सारांतूनच कळतो. जंगलाचे नियम, मिठावरील कर, दारूचे मक्ते, मामलेदाराची अरेरावी, सर्व तक्रारी तेथें क्रमानें उतरविलेल्या आहेत. सरकार ऐकत नव्हतें असें म्हणण्याची सोयच नाहीं; तें अतिशय लक्षपूर्वक ऐकत होतें. क्वचित् एखाद्या तक्रारीवरून चौकशीही होई. पण ज्यानें तक्रार केली त्यास उत्तर देण्याचें बंधन सरकारवर नव्हतें. कानोसा घेणें हा सरकारचा हक्क होता, जाब देणें हें मात्र त्याचें कर्तव्य नव्हतें.

या कानोशांतून सरकारचे स्वतःचे न्यायाधीशही सुटले नाहींत. १८७९ सालीं वासुदेव बळवंत फडक्यांचें बंड आणि पुण्यांतील वाड्यांस लागलेल्या आगी यांमुळें अधिकारी बिथरले, आणि न्यायमूर्ति रानडे यांची बदली धुळ्यास झाली. तेथें त्यांचें टपाल त्यांच्या हातीं पडण्यापूर्वींच फोडलें जात असे, ही हकीकत रमाबाई रानडे यांच्या आठवणींत आली आहे. ज्या मनुष्याच्या निकालावर सरकार विसंबत होतें, त्याच्या पत्रावर विसंबण्यास तें तयार नव्हतें!

पाळतीचा दुसरा दोष भाषांतराचा. १८९७ च्या खटल्यांत न्यायमूर्ति स्ट्रॅची यांनीं अप्रीति म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ लावला. ज्यूरींतील सहा युरोपियनांनीं टिळकांस दोषी ठरविलें, तिघां हिंदी सभासदांनीं निर्दोष. १९०८ मध्यें टिळकांनीं स्वतःच्या बचावांत सरकारी भाषांतरांतील चुका एकेक काढून दाखविल्या. ज्या ज्यूरीस ते ऐकवीत होते तींतील बहुसंख्यांस मराठी येत नव्हतें. परभाषकानें चोरून ऐकलेल्या वाक्याचा अर्थ शेवटीं ऐकणाराच ठरवितो, आणि शिक्षा बोलणारास होते.

पण आम्हांस विशेष लक्षांत घेण्यासारखें वाटतें तें त्याच वर्षींचें गोखल्यांचें प्रकरण. हेही रत्नागिरी जिल्ह्याचेच, गुहागराजवळच्या कोतळुकचे. प्लेगच्या बंदोबस्तासाठीं पुण्यांत रँडसाहेबाच्या हाताखालीं गोरे सोजीर घरोघर शिरत होते. गोखले त्या वेळीं वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यास विलायतेंत गेले होते. सोजिरांनीं स्त्रियांवर अत्याचार केल्याचें पुण्याहून आलेल्या पत्रांवरून त्यांस कळलें, आणि त्यांनीं तें तेथील वृत्तपत्रांत प्रसिद्ध केलें. २२ जून १८९७ च्या रात्रीं रँडवर गोळी झाडली गेली होती. वातावरण पेटलेलें होतें. मुंबई सरकारनें आरोप साफ नाकारला आणि पुरावा मागितला. पुरावा म्हणजे काय, तर पत्रें लिहिणारांचीं नांवें. तीं उघड करणें गोखल्यांस शक्य नव्हतें; नांव उघड होणें म्हणजे काय, हें त्या आठवड्यांत पुण्यांत कोणासही सांगावें लागत नव्हतें. नातू बंधूंस १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखालीं खटला न चालवितां अटकेंत ठेवण्यांत आलें होतें, आणि टिळकांवर खटला भरला गेला होता. ऑगस्टमध्यें गोखल्यांनीं जाहीर माफी मागितली. स्वदेशींच त्यांची भित्रा म्हणून निर्भर्त्सना झाली, आणि ती जखम त्यांच्या मनांत बराच काळ राहिली.

आम्हांस ही निर्भर्त्सना अन्यायाची वाटते. साक्षीदारांचा घात करण्यापेक्षां त्यांनीं स्वतःची अब्रू खर्चीं घातली. प्रश्न गोखल्यांच्या धैर्याचा नव्हताच. ज्या राज्यांत सरकार प्रजेचीं पत्रें फोडूं शकतें, पण प्रजेस सरकारी दप्तर पाहतां येत नाहीं, तेथें अधिकाऱ्याविरुद्धचा आरोप शाबीत करावयाचा कशानें? कागद सरकारच्या कपाटांत, आणि साक्षीदार भयानें घरांत.

रत्नागिरी जिल्हा त्या काळीं मनिऑर्डरीवर जगणारा होता; गिरणगांवांतील कामकऱ्यांत या जिल्ह्याच्या लोकांचा फार मोठा भरणा होता. २२ जुलै १९०८ रोजीं टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून सहा दिवस गिरण्या बंद पडल्या. गोळीबार झाला, माणसें पडलीं. या चाकरमान्यांनीं गांवीं काय लिहिलें असेल? वृत्तपत्रांच्या सारांत तें येणें शक्य नव्हतें. सारकार छापील ओळ टिपतो; कारकुनाकडून लिहवून घेतलेलें दोन आण्यांच्या कामाचें पत्र टिपीत नाहीं. तीच गोष्ट दशावताराची. १८७६ च्या कायद्यानें नाटकावर बंदी घालतां येई, आणि खाडिलकरांचें ‘कीचकवध’ त्याच दशकांतल्या नव्हे तरी त्याच वृत्तीच्या सरकारनें १९१० मध्यें बंद पाडलें. पण दशावताराच्या नटास संहिताच नसते. जत्रेच्या रात्रीं रंगांत आलेला संकासूर काय बोलून जाईल, तें सकाळीं त्यासही आठवत नसे. जप्त करणार काय?

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनेंच आपल्या गुप्त दप्तरांतील निवडक कागद स्वातंत्र्यचळवळीच्या इतिहासाचीं साधनें म्हणून छापले. पहिला खंड १९५७ चा. सभेंत कोण किती वेळ बोलला, टाळ्या कोठें पडल्या, हें पोलिसाच्या हातचें टिपण आम्ही आज वाचतों तें त्या खंडांत. वाचतांना एक सावधगिरी हवी. हेराची नोकरी धोका आढळण्यावर अवलंबून असते. त्यामुळें त्याच्या टिपणांतील जनता नेहमींच खऱ्या जनतेपेक्षां अधिक संतापलेली असते.

सरकार बदललें, पण साधनें राहिलीं. तारखात्याचा १८८५ चा आणि टपालाचा १८९८ चा कायदा स्वराज्यांतही चालला. १९७५ च्या आणीबाणींत मसुऱ्याचे लोकसभेंतील प्रतिनिधि, राजापूरचे मधु दंडवते, बंगळूरच्या तुरुंगांत आणि प्रमिलाबाई येरवड्यांत होत्या. नवराबायकोचीं पत्रेंही तुरुंगाधिकाऱ्याच्या नजरेखालून जात. १९७७ सालीं मतदारांनीं दंडवत्यांस पुन्हां निवडून दिलें. तें मत तरी कोणास फोडून वाचतां आलें नव्हतें. दूरध्वनि चोरून ऐकण्यास कांहीं शिस्त लावली ती सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं, आणि खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असें नऊ न्यायमूर्तींनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं एकमतानें सांगितलें. वरील दोन्ही जुन्या कायद्यांच्या जागीं २०२३ सालीं नवे कायदे झाले. टपाल अडविण्याचा आणि संभाषण ऐकण्याचा अधिकार त्यांतही आहे.

उलट दिशेनें पाहण्याची खिडकी फार उशिरां उघडली. महाराष्ट्रानें माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ सालीं केला, देशाचा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणें अंमलांत आला. आतां मसुऱ्याच्या शेतकऱ्यास ग्रामपंचायतीच्या रस्त्याचा हिशेब दहा रुपयांत मागतां येतो. कशासाठीं मागतोस, असें त्यास कोणी विचारूं शकत नाहीं. १८९७ च्या पत्रलेखकांस हें खरें वाटलें नसतें. तरी १३ जानेवारी २०१० रोजीं तळेगांव दाभाडे येथें सतीश शेट्टी सकाळीं फिरावयास निघाले असतां त्यांचा खून झाला. जमिनींच्या व्यवहारांचे कागद ते याच कायद्यानें मागवीत असत. अर्जदारानें कारण सांगण्याची गरज नाहीं. उत्तर पोंचविण्यासाठीं अर्जावर नांव आणि पत्ता मात्र लिहावा लागतो.