कर्ण्यापुढें गाणाऱ्या स्त्रिया

इ. स. १९०२ च्या नोव्हेंबर महिन्यांत ग्रामोफोन कंपनीचा तज्ज्ञ फ्रेड गायस्बर्ग यानें कलकत्त्यास आपलें यंत्र मांडलें, आणि हिंदुस्थानांतील गाणें प्रथमच विक्रीच्या तबकड्यांवर उतरूं लागलें. त्या यंत्रापुढें गेलेल्या अगदीं आरंभींच्या कलावंतांत स्त्रिया होत्या, व गौहरजान हें त्यांतील सर्वांत गाजलेलें नांव. गाणें हाच ज्यांचा पिढीजात व्यवसाय होता, त्या स्त्रियांनाच त्या वेळीं पुढें येतां आलें. कारण प्रतिष्ठित म्हणविणाऱ्या घरांतील स्त्रीस परक्यासमोर गाण्याची मोकळीक नव्हती.

तें मुद्रण सोपें नव्हतें. विजेचा मायक्रोफोन व्यवहारांत आला तो १९२५ नंतर. तोंवर गाणाऱ्यानें एका मोठ्या कर्ण्यांत तोंड घालून खुल्या, जोरकस आवाजांत गावें लागे. त्या आवाजाच्या धक्क्यानें पडदा हाले, पडद्यास जोडलेली सुई हाले, आणि मेणाच्या चकतीवर रेषा कोरली जाई. नाजूक आवाज तेथें निरुपयोगी ठरे. तंबोऱ्याची आंस तर जवळजवळ हरपूनच जाई. शिवाय वेळ अवघा तीन मिनिटांच्या आसपास! जो ख्याल मैफलींत तासभर फुलावयाचा, त्याचा आलाप, तान आणि समाप्ति हीं सर्व तेवढ्यांत बसवावयाचीं. गाणें संपतांच गायिका आपलें नांव मोठ्यानें उच्चारी. तबकड्या जर्मनींतील हॅनोव्हर येथें तयार होत. तेथील कारागिरांस आवाज कोणाचा हें कळावें, असें त्याचें कारण सांगतात. ज्या स्त्रीचें नांव प्रतिष्ठितांच्या घरांत घेतलें जात नव्हतें, तें तिच्याच तोंडून त्या घरांत जाऊन पोंचलें.

१९०८ सालीं कलकत्त्यास सियालदा येथें तबकड्यांचा कारखाना निघाला. तबकडीचा जीव म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुंब यांच्या फांद्यांवर किडे जी लाख करितात, तीच शुद्ध करून, दगडाची भुकटी व काजळी मिसळून ही काळी चकती तयार होई. यंत्रास वीज नको, तेल नको. किल्ली फिरविली कीं कमान आंवळे आणि तबकडी मिनिटास सुमारें ७८ फेरे घेऊं लागे. म्हणून जेथें दिवाबत्ती रॉकेलचीच होती, अशा बोरी अरबसारख्या वऱ्हाडांतील गांवींही शहरांतील गाणें वाजूं शकत होतें. ज्या माजघरांतील स्त्रियांना मैफलीचें दारही मोकळें नव्हतें, त्यांच्या कानीं तें असें पडूं शकलें.

परंतु आवाज घरांत आला, म्हणून गायिकेस सभेंत मानाची जागा मिळाली, असें मात्र झालें नाहीं. महाराष्ट्रांत रंगभूमीवरील नायिका पुरुषच होते. बालगंधर्वांची स्त्रीभूमिकेंतील पदें तबकड्यांवरूनही घरोघर गेलीं. बेळगांवकर स्त्री संगीत मंडळीसारख्या केवळ स्त्रियांच्या नाटकमंडळ्या होत्या, व त्यांत पुरुषांचीं कामेंही स्त्रियाच करीत. परंतु स्त्री आणि पुरुष एकत्र रंगमंचावर उभे राहणें समाजास रुचत नव्हतें.

ही कोंडी फोडण्याचें धैर्य हिराबाई बडोदेकर यांनीं दाखविलें. अब्दुल करीमखां व ताराबाई माने यांची ही कन्या १९०५ सालीं मिरजेस जन्मली व अब्दुल वहीदखांपाशीं तयार झाली. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या आरंभींच्या स्त्रियांत त्यांची गणना होते. १९२९ सालीं त्यांनीं भावंडांसह नूतन संगीत नाटक मंडळी काढली, आणि तींत स्त्रियांचीं कामें स्त्रियांनींच केलीं. मंडळी फार वर्षें टिकली नाहीं. १९३२ सालीं 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट निघाला, आणि नाटकांचा प्रेक्षक तिकडे वळूं लागला. तरी जी वाट पडली ती पुन्हां बुजली नाहीं. मैफलींत निश्चलपणें बसून, हातवारे न करतां, केवळ स्वरानें सभा जिंकण्याची हिराबाईंची रीत पुढील गायिकांस आदर्शवत् झाली. तबकडीनें स्त्रीच्या आवाजास प्रसिद्धि दिली. प्रतिष्ठा मात्र तिला स्वतः बैठकीवर बसूनच मिळवावी लागली.

या कथेचें शेवटचें पान अधिकच विलक्षण आहे. गोव्यांतील केरी गांवीं १८९२ सालीं जन्मलेल्या केसरबाई केरकर या अल्लादियाखांच्या शिष्या. त्यांचा आवाज भरदार, पल्लेदार. दमसास असा कीं ऐकणाऱ्यानें थक्क व्हावें. त्यांनीं तबकड्या मोजक्याच दिल्या. त्यांपैकीं साडेतीन मिनिटांची एक भैरवी अमेरिकेनें १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर पाठविलेल्या सुवर्णलेपित तबकडीवर निवडली गेली. त्या संग्रहांत हिंदुस्थानचें संगीत तेवढेंच एक. दुसरें यान सुटलें ५ सप्टेंबर रोजीं, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. तें यान २०१२ सालीं सूर्याच्या वाऱ्याची सीमा ओलांडून ताऱ्यांमधील पोकळींत गेलें. ज्या कलावंत स्त्रियांना एके काळीं प्रतिष्ठितांच्या घराचा उंबरठा बंद होता, त्यांच्यापैकीं एकीचा स्वर आज सूर्यमालेचा उंबरठा ओलांडून चालला आहे.