फुकटची बशी आणि दुकानाची कॉफी

वाण्याच्या दुकानात चार पैसे वाचविण्याचे दोन मार्ग प्रपंची माणसास ठाऊक असतात. मालाबरोबर मिळणारी कुपने जपून ठेवावयाची आणि त्यांवर सवलत अथवा भेटवस्तू मिळवावयाची, हा एक. नामांकित छापाचा माल सोडून दुकानदाराने स्वतःच्या नावाने बांधलेला माल घ्यावयाचा, हा दुसरा. यांपैकी खरी बचत कोणती, याचा उलगडा अमेरिकेतील एका पेढीच्या इतिहासावरून चांगला होतो.

ही पेढी 1859 साली न्यू यॉर्कमध्ये चहाच्या व्यापारासाठी निघाली. पुढे तिने ‘ग्रेट अटलांटिक अँड पॅसिफिक टी कंपनी’ असे भारदस्त नाव धारण केले. लोक मात्र तिला ‘ए अँड पी’ एवढेच म्हणत. चहा-कॉफीबरोबर ती कुपने देई, आणि ती पुरेशी साठली म्हणजे गिऱ्हाइकास कपबशा, तसबिरी असल्या वस्तू मिळत. 1896 पासून तर ‘ग्रीन स्टॅम्प्स’ नावाची तिकिटे दुकानदारांना पुरविण्याचा स्वतंत्र धंदाच त्या देशात सुरू झाला. बशी फुकट मिळाली असे गृहिणीस वाटे. पण तिकिटांचे पैसे दुकानदार भरी आणि ते अखेर मालाच्या भावातूनच वसूल व्हावयाचे. जिने तिकिटे जमविली नाहीत, तिलाही तो भाव चुकत नसे. 1901 च्या सरकारी पाहणीत कुटुंबाच्या खर्चापैकी 40 टक्क्यांहून अधिक भाग अन्नावर जात असल्याचे आढळले होते. अशा संसारात पैशा-दोन पैशांचा फरकही जाणवे.

1912 साली पेढीचे एक चालक जॉन हार्टफर्ड यांनी जर्सी सिटीत निराळ्या पद्धतीचे दुकान काढून पाहिले. तेथे कुपने नाहीत, उधारी नाही, घरपोच माल नाही. भाव मात्र कमी. नफा थोडा आणि उठाव मोठा, हे त्यामागील गणित. ते इतके अचूक ठरले की 1930 पर्यंत पेढीच्या दुकानांची संख्या 15,000 वर गेली. याच काळात तिने स्वतःच्या बेकऱ्या व डबाबंद अन्नाचे कारखाने चालविले, ब्राझीलमध्ये आपली माणसे ठेवून कॉफी खरेदी केली आणि ती ‘एट ओक्लॉक’ या घरच्या छापाने विकली. दलालाचा नफा वाचला, त्याचा काही वाटा गिऱ्हाइकाच्या पदरात पडला.

या स्वस्ताईस दुसरी बाजूही होती. इतक्या कमी भावाशी टक्कर देणे हजारो लहान दुकानदारांना जड गेले. त्यांच्या गाऱ्हाण्यातूनच, बड्या खरेदीदारांना खास सवलती देण्यास आळा घालणारा कायदा 1936 साली अमेरिकन काँग्रेसने केला. स्वस्त माल आणि शेजारचा वाणी, दोन्ही एकाच वेळी टिकविणे कोणत्याही शासनास सोपे गेलेले नाही.

जॉन हार्टफर्ड 1951 मध्ये आणि त्यांचे बंधू जॉर्ज 1957 मध्ये निवर्तले. त्यानंतर 1961 साली, प्रतिस्पर्ध्यांच्या ओढीने, याच पेढीने पुन्हा तिकिटे वाटावयास आरंभ केला! थोरल्या पिढीने जो खर्च कापून भाव उतरविले होते, तोच धाकट्यांनी परत अंगावर घेतला. तिकिटांनी पेढी सावरली नाही. 2015 मध्ये तिची उरलीसुरली दुकानेही मिटली. ‘एट ओक्लॉक’ कॉफी मात्र जगली. पेढीने ती आधीच विकली होती, आणि 2006 साली टाटा कॉफी या भारतीय कंपनीने तो छाप विकत घेतला. भेटवस्तूंची तिकिटे कालांतराने जुन्या वह्यांतच राहिली. गिऱ्हाइकांनी चव आणि भाव पाहून पत्करलेला माल दुकान गेल्यावरही बाजारात राहिला.