बेस्ट ऑफ फाइव्हची कुळकथा

बुलढाणा जिल्ह्यातली दहावीची मुलं अमरावती विभागीय मंडळाची परीक्षा देतात. गुणपत्रिकेवर विषय सहा, टक्केवारी मात्र पाचांची. सर्वांत कमी गुणांचा विषय बेरजेतून गळतो.

ही सवलत जन्मली मुंबईच्या अकरावी प्रवेशाच्या भांडणातून. सीबीएसई-आयसीएसईच्या गुणांपुढे राज्य मंडळाची, म्हणजे एसएससीची मुलं मागे पडतात, अशी ओरड होती. सरकारने २००८मध्ये पर्सेंटाइलचं सूत्र आणलं, २००९मध्ये एसएससीच्या मुलांसाठी ९०:१०चा कोटा. दोन्ही उच्च न्यायालयात टिकले नाहीत. २०१०मध्ये ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आलं; जूनमध्ये उच्च न्यायालयाने तेही रद्द केलं, जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाचवलं.

टोकाचा आकडा इतरांपासून किती दूर पडतो, हा प्रश्न गणिताच्या घराण्यात बराच जुना. १९०२मध्ये फ्रान्सिस गाल्टनने विचारलं: स्पर्धेत पहिल्या आणि दुसऱ्या बक्षिसाचं प्रमाण किती असावं? गुण घंटाकृती, म्हणजे नॉर्मल वितरणाने विखुरलेले मानून त्याने उत्तर काढलं, साधारण तीनास एक. कार्ल पिअर्सनने त्याच वर्षी तो प्रश्न पुढे नेला. नॉर्मल नमुन्यातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा सरासरीपासून किती दूर पडतो, याची कोष्टकं १९२५मध्ये एल. एच. सी. टिपेटने छापली. हा टिपेट मँचेस्टरच्या कापूस संशोधन संस्थेतला.

अशा नॉर्मल वितरणातल्या सहा आकड्यांपैकी सर्वांत लहान आकडा सरासरीच्या खाली अंदाजे १.२७ प्रमाण विचलनांवर असतो. एखाद्या मुलाची सरासरी ६० आणि विषयागणिक चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, १० गुणांचा धरला, तर सर्वांत कमी गुणांचा विषय गळताच टक्केवारी सरासरी अडीचने वाढते. वर घंटेची सममितीही मोडते, उजवीकडची शेपटी जरा लांबते. पण ही वाढ हुशारीमुळे येत नाही, चढउतारामुळे येते. चढउतार शून्य, तर वाढही शून्य. न्यायालयातला वाद मंडळा-मंडळांतला होता. एकाच वर्गातल्या दोन मुलांत ही बेरीज काय करते, हा खरा रंजक भाग मागेच राहिला.

२०२५पासून अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश राज्यभर लागू झाले, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर-चिखलीतही. समजा, तिथल्या एकाच वर्गात एकीला सहाही विषयांत ६८. दुसरीला पाचांत ७२ आणि गणितात ४८. दोघींची बेरीज ४०८च. गुणवत्ता यादीत मात्र पहिली ६८ टक्क्यांवर, दुसरी ७२वर.